१४ पाउंड कपडे, त्यातले कामाचे दोन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑगस्टमध्ये एमएससाठी अमेरिकेच्या मिडवेस्टात आलात, ऑक्टोबर संपत आलाय, हुडीवर भागेनासं झालंय, आणि दुकानातलं बरं जॅकेट दीडशे-दोनशे डॉलरच्या खाली दिसत नाही. रूममेटने दानात आलेले जुने कपडे मोठ्या टोपल्यांत ठेवून वजनावर विकणाऱ्या गुडविल आउटलेटचा पत्ता दिला. पहिल्या खेपेला गोंधळून रिकाम्या हाताने परतलात, दुसऱ्या खेपेला १४ पाउंड कपडे आणलेत आणि त्यातले अंगावर चढतात फक्त दोन. वर आई फोनवर म्हणाली, 'लोकांचे उतरलेले कपडे घालायची वेळ आली का तुझ्यावर?' जानेवारीत इंटर्नशिपच्या मुलाखती आहेत, म्हणजे सूटही हवाय. तर चांगले कपडे ओळखायचे कसे, हे तुम्ही विचारलंय.

ते सांगतेच. पण १४ पाउंडांत दोन चांगले कपडे तुम्ही शोधून काढलेत, म्हणजे नजर अगदीच वाईट नाही. उरलेले काट्यावर जाण्याआधी परत टोपलीत टाकायला हवे होते, ते तुमच्याने टाकवले नाहीत. शर्ट पाऊण-एक डॉलरला पडतोय म्हटल्यावर हात सैल सुटतो, 'असू दे, बघू घरी' म्हणत माणूस दहा घेतो. मग ते धुवायचे, वाळवायचे, कपाटात कोंबायचे आणि सहा महिन्यांनी पुन्हा दान करायचे. मी पहिली दोन वर्षं हेच केलं, त्यामुळे हसत नाहीये.

मी इथे १९ वर्षं आहे आणि घरीच अल्टरेशनची कामं करते. महिन्यातून दोन-तीनदा आउटलेटला जाते. कधी स्वतःसाठी, कधी गिऱ्हाइकासाठी, कधी नुसती चांगली बटणं किंवा अस्तर काढून घ्यायला. तिथून माल उचलून ऑनलाइन विकणारे लोक असतात, त्यांतली मी नाही, त्यामुळे कोणता ब्रँड कितीला जातो हे मला विचारू नका. काही गोष्टी मात्र तुमच्यावर अवलंबून आहेत: आउटलेट किती लांब आहे, तुम्हाला सुईत दोरा ओवता येतो का, आणि शनिवारचे तीन तास तुमच्यासाठी किती मोलाचे आहेत. बसने दीड तास जाऊन एक शर्ट आणायचा असेल तर जाऊच नका.

आधी तो माल तिथे येतो कसा ते बघा, कारण निवड त्यावरून ठरते. दानात आलेले कपडे छाटून गुडविलच्या नेहमीच्या दुकानात हँगरवर लावतात. किमतीच्या टॅगला आठवड्यागणिक वेगळा रंग असतो. काही आठवडे गेले, त्या रंगावर सवलत लागली, तरीही कपडा उठला नाही की तो आउटलेटला जातो. कित्येक ठिकाणी दुकानात लावलाच न गेलेला मालही सोबत येतो. म्हणजे टोपलीतला कपडा एकतर बऱ्याच हातांनी नाकारलेला असतो, नाहीतर कोणी धड पाहिलेलाच नसतो. म्हणून कपडा आवडला की मी पहिल्यांदा तो का राहिला याचं कारण शोधते. बटण तुटलंय, खालची पट्टी उसवलीय, माप विचित्र आहे, हे कारण असेल तर माझा फायदा. कारणच सापडलं नाही तर पुन्हा बघते, कारण ते बहुधा काखेत किंवा जांघेत लपलेलं असतं.

१९०२ साली एडगर हेल्म्स नावाच्या मेथडिस्ट पाद्र्याने बॉस्टनमध्ये गुडविलचं काम सुरू केलं, तेव्हा श्रीमंत वस्त्यांतून जुनं सामान गोळा करायचं, गरिबांना ते दुरुस्त करायच्या कामावर लावायचं आणि मग विकायचं, अशी रीत होती. आज दुरुस्त होऊन टोपलीत काहीच येत नाही. दुरुस्ती आता घेणाऱ्याच्या गळ्यात पडली आहे, आणि भाव कमी असण्याचं एक कारण तेही आहे. गुडविल म्हणजे एकच कंपनी नाही, दीडशेच्या आसपास स्वतंत्र प्रादेशिक संस्था आहेत, म्हणून दर, वेळा आणि नियम गावागणिक बदलतात. मी जिथे जिथे गेले तिथे कपडे पाउंडाला दीड ते अडीच डॉलरच्या दरम्यान होते. काही ठिकाणी वजन वाढलं की दर उतरतो. तुमचे १४ पाउंड त्यातूनच झाले असतील अशी मला दाट शंका आहे.

आता वजनाचं गणित. एक पाउंड म्हणजे ४५४ ग्रॅम. घरी काटा असेल तर स्वतःचे कपडे एकदा तोलून बघा, डोळे उघडतील. माझ्या अंदाजाने पुरुषाचा सुती शर्ट साधारण अर्धा पाउंड, रेशमी ब्लाउज पाव पाउंड, जीन्स दीड-दोन पाउंड, आतून पिसं भरलेलं फुगीर जॅकेट दीड-दोन पाउंड आणि लोकरीचा लांब कोट चार-पाच पाउंड. दोन डॉलरचा दर धरला तर रेशीम आठ आण्यांत, म्हणजे अर्ध्या डॉलरात, आणि लोकरीचा कोट दहा डॉलरला. नवीन घ्यायला गेलात तर मेरिनो या मऊ लोकरीचा पातळ स्वेटर, लिननचा शर्ट, रेशीम, पिसांचं जॅकेट हे सगळं महाग आणि वजनाला हलकं. जीन्स आणि जाड स्वेटशर्ट नवेही स्वस्त मिळतात आणि काट्यावर मात्र जड भरतात. त्यामुळे वजनाच्या दुकानात हलक्या आणि उंची कापडामागे लागावं, जीन्सच्या ढिगाकडे बघूही नये. लोकरीचा कोट तर मी नेहमीच्या दुकानातूनच घ्यायला सांगेन. तिथे तो वीस-पंचवीसच्या आसपास मिळतो, हँगरवर असतो, घालून बघता येतो. आउटलेटला बहुतेक ठिकाणी ट्रायल रूम नसते.

आत गेल्यावर काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. चाकांवरच्या निळ्या लांबट टोपल्या, त्यांच्या रांगा, आणि नवीन रांग आत येताना रेषेमागे दबा धरून उभे राहिलेले लोक. कर्मचाऱ्याने खूण करेपर्यंत हात लावायचा नाही, हा नियम पाळा, नाहीतर नेहमीची मंडळी पाठ सोडणार नाहीत. खूण झाली की पहिली पाच-दहा मिनिटं दादरला लोकल शिरताना असते तशी झुंबड. त्यात घुसू नका. विकणाऱ्यांना ठरावीक नावं, बूट आणि पर्सेस हव्या असतात. ते ढीग उपसतात, तळातलं वर आणतात, बिननावाचे कपडे बाजूला फेकतात आणि पुढे जातात. त्यानंतर मी जाते. तुमच्या-माझ्या कामाचा बिननावाचा चांगला स्वेटर तेव्हा आयता वर आलेला असतो.

शोधताना डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवा. ढिगात रंग आणि छाप सगळे एकमेकांत मिसळून जातात, पोत मिसळत नाही. नायट्राइल या रबरासारख्या वस्तूचे पातळ हातमोजे घाला, कारण ढिगात टाचण्या असतात, कधी फुटकी काच असते. बागकामाचे जाड मोजे घातलेत तर बोटांना काही कळणार नाही. टोपलीच्या एका टोकापासून कपड्यांच्या कडा चिमटीत धरत पुढे सरकायचं. पॉलिएस्टर निसरडं लागतं आणि चिमटीत लगेच उबदार होतं. लिनन थंड आणि जरा खरखरीत, मुठीत चुरगाळलं तर घडी तशीच राहते. चांगली लोकर चुरगाळून सोडली की पुन्हा उमलते. ॲक्रिलिक दिसायला लोकरीसारखंच असतं, पण हाताला कोरडं, किंचित करकरीत वाटतं. चार खेपांत हे जमतं. मनासारखा पोत हाती लागला तरच कपडा बाहेर ओढायचा.

बाहेर ओढल्यावर काय बघायचं, ते मी गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत शिकले. दुपारी बोहारीण यायची, डोक्यावर भांड्यांची टोपली, खांद्याला कपड्यांचं गाठोडं. आई तिच्यापुढे बाबांची पँट, माझे दोन फ्रॉक आणि एक साडी ठेवायची आणि स्टीलचं पातेलं मागायची. बोहारीण रंगाकडे ढुंकून बघत नसे. पँट उचलली की आधी उलटी करायची, जांघेतली शिवण दोन्ही अंगठ्यांत धरून ताणायची, मग कठड्याशी जाऊन कापड उन्हाकडे धरायची. साडी असली तर पदर आणि काठ सोडून बरोबर मधला, बसताना दाबला जाणारा भाग शोधून काढायची. सगळं मिळून दहा सेकंद. मग निकाल: 'विरलंय ताई. वाटी देते.' आई चिडायची, घासाघीस करायची, पण कापड विरलेलं असायचंच. तिच्याइतकी सराईत मी आजही नाही.

मीही आधी कपडा उलटा करते. शर्टाच्या काखेत पिवळा, कडक झालेला डाग असेल तर ठेवून द्या. घाम आणि डिओडरंटमधलं ॲल्युमिनियम मिळून तो बसतो आणि जुना झाला की सहसा जात नाही. घामाचा वास थंड कपड्यात लपतो. काखेचा भाग तळहातात अर्धा मिनिट दाबून गरम करा आणि मग वास घ्या. पॉलिएस्टरमध्ये वास फार चिवट असतो, सुती कपड्यातला बहुधा धुतल्यावर जातो.

मग उजेड. फोनचा टॉर्च लावून कपड्याच्या आत धरा आणि बाहेरून बघा. कोपर, बसायची जागा, जांघ, कॉलरची घडी. कापड विरलेलं असेल तर तिथून उजेड जास्त येतो. लोकरीला कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागलेली असेल तर बारीक, वेडीवाकडी भोकं दिसतात. कधी भोक नसतं, नुसती वरची लव चाटल्यासारखी गेलेली असते, आणि ते कॉलरच्या मागे किंवा खिशाच्या झाकणाखाली सापडतं. एखादं भोक रफू होतं. चार दिसली तर न दिसलेली दहा आहेत असं समजा.

तुम्हाला हवंय ते फुगीर जॅकेट, म्हणून चेनकडे नीट बघा. आधी खालचं टोक. ज्या टोकात पिन अडकवतात तिथली पट्टी विसविशीत झाली असेल किंवा दात तुटले असतील तर पूर्ण चेन बदलावी लागते, आणि त्याचे पैसे जॅकेटच्या कितीतरी पट होतात. दात सगळे शाबूत आहेत आणि वर ओढल्यावर मागून चेन उघडते, एवढाच दोष असेल तर बिनधास्त घ्या. तिथे फक्त वरची सरकती चिपटी सैल झालेली असते. पकडीने दोन्ही बाजूंनी हलकेच दाबली तरी बहुतेक वेळा काम भागतं, नाहीतर तेवढाच भाग काही डॉलरांत नवीन मिळतो. अशी जॅकेटं टोपलीत राहतात ती याच कारणाने. पिसं कप्प्यांच्या तळाशी गोळा झाली असतील तर घाबरू नका, धुऊन ड्रायरमध्ये दोन-तीन टेनिस बॉल टाकून मंद आचेवर फिरवली की मोकळी होतात. शिवणीतून पिसं सारखी बाहेर येत असतील तर मात्र नको.

रेनकोट आणि वॉटरप्रूफ जॅकेट आतून बघितल्याशिवाय घेऊच नका. आतला पॉलियुरेथेनचा थर काही वर्षांनी चिकट होतो नाहीतर कोंड्यासारखा सुटायला लागतो, आणि त्यावर इलाज नाही. बाहेरून अगदी नवं दिसतं, ब्रँडही मोठा असतो, म्हणून नवखा माणूस नेमका इथे फसतो. बुटांच्या तळव्यांचंही तसंच. न वापरता पडून राहिलेले बूट चार पावलांत तळ सोडतात.

ब्लेझरच्या बाबतीत मी स्वतः आपटले आहे. गडद निळा, लोकरीचा, बटणंसुद्धा शिंगाची. घरी आणून वाफेची इस्त्री फिरवली आणि छातीवर पुरीसारखे फुगे आले. आतलं ताठ कापड गोंदाने चिकटवलेलं होतं आणि तो गोंद सुटला होता. आता मी ब्लेझरच्या पुढच्या भागाचं बाहेरचं कापड आणि आतलं कापड चिमटीत वेगवेगळं धरून ओढून बघते. मध्ये तिसरा थर मोकळा सरकताना लागला तर तो शिवलेला कॅनव्हास, म्हणजे उत्तम. लागला नाही तर चिकटवलेला. तोही वाईट नसतो, पण मग कापड तिरक्या उजेडात धरून फुगे शोधायचे.

लेबलांचं जरा भराभर सांगते. कापडात काय आहे ते वाचा आणि हाताला लागलं त्याच्याशी ताडून बघा. धुण्याच्या सूचनांचं लेबल इथे १९७२ पासून सक्तीचं झालं, आणि शब्दांऐवजी नुसत्या खुणा चालतील असं १९९७ मध्ये ठरलं. म्हणजे नुसत्या खुणा असलेला अमेरिकन कपडा त्यानंतरचा. इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियनची, म्हणजे बायकांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेची, चिठ्ठी शिवलेली असेल तर कपडा १९९५ च्या आधीचा, कारण त्या वर्षी ती युनियन दुसरीत विलीन झाली. अशा कपड्यांत शिवणीत माया, म्हणजे आतलं जादा कापड, भरपूर सोडलेली असते, माझ्यासारखीला ते सोनं. ब्रँडचं लेबल कापलेलं असेल तर आतल्या लेबलावर 'आरएन' आणि पुढे आकडा असतो. तो फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या साइटवर टाकला की कंपनी कळते. तुम्हाला याची गरज पडणार नाही, पण हळूहळू मजा येते.

इथपर्यंतचं ध्यानात ठेवायचं तर क्रम एवढाच: हाताने पोत, उलटून काख आणि जांघ, टॉर्चने भोकं, मग चेन आणि अस्तर. यात एकदा जरी मन कचरलं तर परत टोपलीत.

आता माप. लेबलवरच्या मापावर अजिबात जाऊ नका, ते ब्रँडगणिक आणि दशकागणिक बदलतं, शिवाय कपडा धुऊन आटलेला असू शकतो. घरी तुमचा नीट बसणारा शर्ट पलंगावर पसरा आणि तीन मापं घ्या: एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, खांद्याच्या एका शिवणीपासून दुसरीपर्यंत, आणि बाहीची लांबी. पँटची कंबर आणि आतली लांबी. हे फोनमध्ये लिहून ठेवा आणि खिशात टेप ठेवा. जॅकेटचं माप घेताना आत स्वेटर घालून घ्या. मिडवेस्टातला जानेवारी तुम्ही अजून पाहिलेला नाही.

काय दुरुस्त होतं आणि काय नाही, हे कळलं की निवड निम्म्याने सोपी होते. पँटची लांबी कमी करणं सोपं. वाढवायची तर आत दुमडलेलं कापड किती आहे ते बघायचं, आणि जुन्या घडीची रेघ दिसत राहील हे मान्य करायचं. पँटची कंबर मागच्या शिवणीतून इंच-दीड इंच सैल होते, कारण चांगल्या पँटमध्ये तिथे माया ठेवलेली असते. शर्ट बाजूंनी आवळता येतो. कोटाची बाही इंचभर आखूड होते, पण मनगटापाशी खऱ्या काजा असतील तर काम वाढतं. खांदा मात्र मोठा असेल तर कोट सोडून द्या. मुंढा, म्हणजे बाही जोडलेली जागा, उसवून, बाही काढून, खांदा आत घेऊन पुन्हा बसवायचं काम मी करते, आणि त्याचे पैसे ऐकून गिऱ्हाईक उठून जातं. खांदा तपासायचा सोपा उपाय: कोट घालून भिंतीला बाजूने टेका. तुमच्या दंडाआधी कोटाचा खांदा भिंतीला लागून चेपला तर तो मोठा आहे. कॉलरच्या घडीवर विरलेला शर्ट अंगात चांगला असेल तर कॉलर उसवून उलटी करून बसवता येते. आपल्याकडे शिंपी हे सर्रास करायचे, इथे कोणाला सांगितलं तर थक्क होतात.

सूट आउटलेटमध्ये शोधू नका. ढिगात कोट एका टोपलीत आणि त्याची पँट चौथ्या टोपलीत, किंवा परवाच विकलेली. त्याऐवजी आधी तुमच्या विद्यापीठाच्या करिअर ऑफिसमध्ये विचारा. कित्येक विद्यापीठांत मुलाखतीचे कपडे फुकट किंवा उसने देणारं कपाट असतं, आणि देशी मुलांना त्याचा पत्ताच नसतो. तिथे नसेल तर गुडविल किंवा तशीच दानाचे कपडे विकणारी साल्व्हेशन आर्मी यांच्या नेहमीच्या दुकानात जा. ३८आर असं लिहिलेलं असेल तर छाती ३८ इंच आणि उंची मध्यम, एस म्हणजे आखूड, एल म्हणजे लांब. मुलाखत जानेवारीत आहे, तर ३१ डिसेंबरनंतरचा आठवडा धरा. कराची सवलत त्या वर्षात बसावी म्हणून लोक वर्षाच्या शेवटी कपाटं रिकामी करतात, आणि तो माल जानेवारीत दुकानात येतो. जॅकेटसाठी मात्र थांबू नका, आत्ताच घ्या. पुढच्या वर्षी कॉलेजच्या गावात राहत असाल तर मेमध्ये जा. होस्टेलं रिकामी होतात आणि मुलं न वापरलेले कपडेसुद्धा टाकून जातात.

घरी आणलं की सरळ कपाटात ठेवायचं नाही. हे मी फार महागात शिकले. एक करड्या रंगाचा स्वेटर तपासून आणला, भोक एकही नव्हतं, म्हणून घडी घालून ठेवून दिला. त्यात कसरीची अंडी असावीत. मार्चमध्ये कपाट उघडलं तर आईने लग्नात दिलेल्या शालीची चाळण झाली होती. तेव्हापासून लोकर, रेशीम आणि जे ड्रायरमध्ये घालता येत नाही ते सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये, ०° फॅरनहाइट म्हणजे −१८° सेल्सियसला, सलग चार दिवस. सुती आणि पॉलिएस्टर कपडे धुण्याआधीच कोरडे ड्रायरमध्ये सगळ्यात गरम तापमानावर अर्धा तास. ढेकणांनाही हे दोन्ही उपाय लागू पडतात. बिल्डिंगमध्ये लाँड्री असेल तर पिशवी खोलीत न उघडता थेट तिथेच न्या. डांबराच्या गोळ्यांचा वास धुऊन जात नाही, वाऱ्यावर आठवडाभर टांगल्यावर जातो. तो वास आला की मला उलट बरं वाटतं: कोणीतरी ती लोकर जपली होती.

अंतर्वस्त्रं, मोजे आणि पोहण्याचे कपडे नवीनच घ्या. यावर चर्चा नको.

राहिला आईचा प्रश्न. आपल्याकडे नव्या बाळाला आधी जुनेरातच गुंडाळतात, मऊ असतं म्हणून. गोधडी साड्यांचीच होते. मोठ्याचा शर्ट धाकट्याला येतो तेव्हा कोणी नाक मुरडत नाही. आईंना खुपतंय ते परक्याचं असणं, आणि त्याहून जास्त, मुलावर तशी वेळ आली की काय ही काळजी. वाद घालू नका. जॅकेट धुऊन, चेन नीट करून, व्हिडिओ कॉलवर घालून दाखवा आणि आतलं कापड दाखवा. माझी आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा तिने माझ्या कोटाचं अस्तर उलटून शिवण बघितली आणि 'केवढ्याला दिला त्या बाईने?' असं विचारलं. तिच्या डोळ्यांपुढे अजून बोहारीणच होती. तसं बघितलं तर तुम्ही टोपलीत परत टाकाल तो कपडाही कदाचित भारतातच जाईल. आउटलेटमध्येही न खपलेला माल गाठी बांधून विकतात, आणि जगभरच्या अशा गाठी गुजरातेत कांडल्याला उघडून छाटल्या जातात. फाटकी लोकर पानिपतमध्ये पिंजून पुन्हा सूत काढतात, त्याची ब्लँकेटं होतात.

आता घरात पडलेल्या त्या बाकीच्या कपड्यांचं. सगळे जमिनीवर पसरा आणि वर सांगितलं तसे उलटे करून टॉर्चने बघा, सरावाला यापेक्षा चांगला माल मिळणार नाही. विरलेले आणि डागाळलेले पुसायला फाडून ठेवा, तुमच्या चार जणांच्या फ्लॅटमध्ये फडकी लागतीलच. धड असलेले पण तुम्हाला न होणारे परत दान करा. पुढच्या खेपेला फोनमध्ये तीनच नावं लिहून जा: जॅकेट, मेरिनो स्वेटर, पूर्ण बाहीचा शर्ट. चौथं काही हातात आलं तर काट्याच्या रांगेत उभं असताना ते बाहेर काढून ठेवा. रांग भरपूर लांब असते, तिचा तेवढाच उपयोग.

आणि तुम्ही लिहिलंय की त्यात एक करडा ब्लेझर आहे, अंगात बसतो पण मुंढ्यात उसवलाय. तो टाकू नका. आतून उलटा करून, उसवलेल्या जागेचा जवळून फोटो टाका, बाजूला टेप ठेवून. शिवणीला अर्धा इंच माया दिसली आणि कापड फाटलेलं नसेल, नुसता दोरा गेला असेल, तर हातशिलाईने तासाभरात होईल, मी टाका कसा घालायचा ते सांगते.